मला कसलीही ॲलर्जी नाही

बसवनगुडी, बेंगळूरु
रविवार सकाळ

प्रिय श्रीवत्स,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज केला तर हात जोडलेलं चित्र पाठवतोस, आणि त्यावर मी काय उत्तर द्यायचं हे मला अजून कळलेलं नाही. मी काही उत्सवमूर्ती नाही. अनुषाला विचारलं तर म्हणते, "अक्का, ते पेशंट बघतायत." रविवारी संध्याकाळी कुठले पेशंट? बिचारी तुझी बायको तुझ्यासाठी खोटं बोलते आणि तिला ते धड जमतही नाही. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. आपल्या पिढीत मराठी लिहायची सवय माझीच थोडी शिल्लक आहे, तुझी वाचायची तरी असेल. मधे कानडी आलं तर चालवून घे, आपल्या घरचं मराठी तेच.

आधी तब्येतीचं सांगते, कारण तू विचारलं नाहीस तरी तुला ते हवं असणार. सूज पूर्ण उतरली. डोळ्याखालचा डाग आधी काळानिळा, मग हिरवा, मग हळदीसारखा पिवळा झाला आणि गेला. वरच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात अजून थोडं बधिर आहे. कॉफीचा लोटा तोंडाला लावला की तो नीट लागलाय की नाही कळत नाही, मग साडीवर ओघळ. तुझे भावोजी म्हणतात, स्ट्रॉ लावून पी. फिल्टर कॉफी, स्ट्रॉ लावून! माणसानं किती म्हणून अडजस्ट करायचं? दात आहे तसाच आहे, रूट कॅनॉल अर्धवट, वरून तात्पुरतं सिमेंट. तुझं सिमेंट मागेच पडलं. नवीन कुणी घातलं ते पुढे सांगते.

त्या दिवशी काय झालं ते तुला सांगायला नको, तू तिथेच होतास. पण तुझ्या तोंडून निघालेलं आता इतक्या जणांपर्यंत गेलंय की माझ्या खुर्चीतून ते कसं होतं हे एकदा मलाच लिहू दे. तोंडावर तो निळा रबराचा पडदा होता, त्यातून एकटा माझा दात बाहेर काढलेला. पोहण्याच्या तलावासारखा वास येत होता. तू आईच्या गुडघ्याबद्दल बोलत होतास, एका हातात ती सुई लावलेली पिचकारी, आणि म्हणालास, "आता नुसतं धुणं आहे अक्का, स्वल्प वेळ." आणि मग तापलेली सळई कुणी दातातून थेट डोळ्यात घालावी तसं झालं. बधिर केलेल्या दातात! मी तुझं मनगट धरलं. तुझं तोंड मास्कमध्ये होतं, डोळे मला दिसले. श्रीवत्स, तुला मी लहानपणापासून ओळखते. त्या क्षणी तुला नक्की कळलं होतं काय झालंय ते. तरी तू म्हणालास, "काही नाही, काही नाही."

पुढचं तू सगळं बरोबर केलंस, हे मी कुणालाही सांगेन. साध्या सलाईननं कितीतरी वेळ धुतलंस, बर्फ लावलास, गोळ्या दिल्यास, स्वतः गाडी चालवून घरी सोडलंस. पहिल्या दिवशी गार शेक, दुसऱ्या दिवसापासून गरम, हे आईला दोनदा समजावलंस. सकाळ-संध्याकाळ येऊन बघून जायचास. पण त्या पहिल्या दुपारी दार उघडल्यावर माझा फुगलेला गाल बघून आई किंचाळली, आणि तू चप्पलसुद्धा न काढता म्हणालास, "पद्मक्काला त्या औषधाची ॲलर्जी निघाली."

मी तेव्हा बोलू शकत नव्हते. ओठ उघडत नव्हता. नंतर बोलता यायला लागलं, तेव्हा मी तुला विचारलं, ते औषध म्हणजे नेमकं काय होतं रे? तू म्हणालास, सोडियम हायपोक्लोराइट. मी म्हटलं, बाथरूमचं ब्लीच? तू म्हणालास, "तसंच, पण शुद्ध." आणि घड्याळ बघून उठलास. त्यानंतर तू आमच्या घरी आलेला नाहीस.

अरे, मी पीयूच्या, अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. दर वर्षी ती बाटली हातात घेऊन उभी राहते. लग्न झाल्यापासून आमचं बाथरूम मी त्याच पाण्यानं घासते, हातमोजे न घालता, तुझे भावोजी ओरडतात तरी. मला त्याची ॲलर्जी असती तर ती काय एका दाताची वाट बघत थांबली होती?

पण तुझा शब्द म्हणजे डॉक्टरचा शब्द. आईनं घरातलं ब्लीच, फिनाईल, कपड्यांची नीळसुद्धा कामवालीला देऊन टाकली. म्हैसूरच्या मावशीला कळवलं. राघवेंद्र स्वामींच्या मठात कुणी कुंकू लावायला पुढे आलं की आईच मधे हात घालते, "नको हां, तिला ॲलर्जी आहे." कुंकवाची! मी ते चालवून घेतलं, कारण तिच्यासमोर तुला खोटं पाडायचं नव्हतं. मला वाटलं, दोन दिवसांत तू स्वतःच येऊन सांगशील.

कॉलेजला मी आठवड्यानं गेले. सूज कमी झाली होती, डोळा मात्र अजून काळा. ओठ नीट मिटत नव्हता, "फॉस्फरस" म्हणताना मागच्या बाकावर हसू फुटायचं. तेवढं मी सहन केलं. स्टाफरूममध्ये विचारलं तेव्हा मीही तेच म्हटलं, ॲलर्जी. दुसरं काय सांगणार होते? भावाने दातातून औषध गालात सोडलं म्हणू? तीन-चार दिवसांनी लक्षात आलं की मी आत गेले की गप्पा थांबतात. प्रिन्सिपल मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "पद्मावती, घरी सगळं सरी आहे ना, ठीक चाललंय ना? आपल्याकडे एक समुपदेशक येतात. नाव बाहेर जात नाही." मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी हसले, आणि हसताना ओठ एकाच बाजूला गेला. ते दिसायला किती वाईट दिसलं असेल!

नरसिंह रोज मला स्कूटरवरून सोडायला यायचे. गेटपाशी त्यांना बघून मुली एकमेकींना कोपर मारू लागल्या. तुझे भावोजी तुला माहीत आहेत. घरात झुरळ निघालं तर ते कागदावर घेऊन बाहेर सोडतात. त्या माणसाला वॉचमननं एकदा अडवून विचारलं, आत काय काम आहे? दुसऱ्या दिवसापासून ते मला कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी सोडायला लागले. म्हणाले, वळवायला सोपं पडतं. गांधी बझारला भाजी घ्यायला गेलो तर चार पावलं मागून चालतात. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही असे कधी चाललो नव्हतो.

आणि मग अक्षरा. दुसऱ्या वर्षाला आहे, हुशार, कमी बोलते. प्रॅक्टिकल संपल्यावर सगळ्या गेल्या तरी ही चंचुपात्रं धूत थांबली. मी म्हटलं, जा आता, बस चुकेल. तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅम, माझ्या चिक्कम्मालाही, धाकट्या मावशीला, असंच व्हायचं. तीपण ॲलर्जीच म्हणायची."

खरं सांगितलं असतं तरी तिला पटलं नसतं, आणि खरं मला तरी कुठे कुणी सांगितलं होतं? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, माझ्या घरी तसं काही नाही. ती म्हणाली, "हो मॅम." जशी तिची चिक्कम्मा म्हणत असेल ना, अगदी तसंच मी म्हटलं होतं. माझं मलाच ऐकू आलं. त्या दिवशी घरी येऊन मी तुला सात-आठ वेळा फोन लावला. तू हात जोडलेस.

याच दिवसांत तुझं सिमेंट पडलं. दात ठणकू लागला. तुझ्याकडे यायचं मन होईना, म्हणून आईला घेऊन इथल्याच वासंती मॅडमकडे गेले. दातांच्या मुळांचंच काम करतात, वयानं माझ्याएवढ्या. मी सांगायच्या आधीच आईनं सांगितलं, ॲलर्जी आहे. त्यांनी हातातली वस्तू खाली ठेवली. मग माझ्याशी त्या बराच वेळ बोलल्या, आणि त्यांनी जे सांगितलं ते तू मला सांगायला हवं होतंस. म्हणाल्या, मुळातली नळी सरळ नसते, तिला बारीक फाटे असतात. तिथे आमची कुठलीही सुई पोचत नाही, पोचतं ते फक्त हे पाणी. आतलं मेलेलं मांस विरघळवतं असं हे एकच. दुसरी औषधं जंतू मारतात, सलाईन नुसतं खळबळून काढतं, पण घाण विरघळत नाही. तुम्हाला खरंच ॲलर्जी असेल तर मी ते वापरणार नाही, मग दात किती टिकेल याची खात्री देणार नाही. या दाताची नाही, आयुष्यात पुढे कुठल्याही दाताची नाही. म्हणजे तू त्या दुपारी दारात उभं राहून जो एक शब्द बोललास ना, तो माझ्या सगळ्या बत्तिशीला चिकटला आहे.

मग त्यांनी मला डोळा कधी काळा झाला, दुखणं कधी सुरू झालं, रक्त आलं होतं का, असं एकेक विचारलं. ऐकून म्हणाल्या, "ही ॲलर्जी वाटत नाही. पण मी तिथे नव्हते. तुमच्या भावाला विचारते, आम्ही डॉक्टर आपापसात बोलतो." तू त्यांचाही फोन उचलला नाहीस. दोनदा. एका डॉक्टरचा! मला लाज वाटली. त्यांनी सिमेंट घालून दिलं, आणि आई बाहेर गेल्यावर म्हणाल्या, "सुई नळीत अडकते आणि आपण दाबतो. मुळाच्या टोकातून पाणी बाहेर जातं. काळजी घेणाऱ्याच्या हातूनही होतं. माझ्या हातून झालंय एकदा. मी त्या बाईंना तिथेच खुर्चीत सांगितलं. अजून दिवाळीला फराळ पाठवतात." एवढंच. तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही.

हे ऐकून मी जास्तच चिडले. कारण मला माहीत आहे की तुला हे सगळं त्यांच्याइतकंच येतं. एमडीएसला असताना तू काढून टाकलेले दात गोळा करून आणायचास, आठवतं? त्यातला एक दात पारदर्शक करायचा म्हणून तू माझ्या मागे लागलास. ॲसिड किती टक्के घ्यायचं ते मी सांगितलं, मग अल्कोहोल, मग ते मिथाइल सॅलिसिलेट. जेवणाच्या टेबलाला आठवडाभर बामचा वास, आई म्हणायची, सांबारात पण लागतोय. आणि मग तो दात काचेसारखा झाला आणि तू आतमध्ये शाई सोडलीस. मुळाच्या टोकाजवळ झाडाच्या मुळ्यांसारखे फाटे निळे होत गेले. तू ओरडलास, "अक्का, बघ, बघ, कुठवर जातं ते!" सगळ्या घराला बोलावून दाखवलंस, दूधवाल्यालासुद्धा. इतकं खूश मी तुला लग्नातही पाहिलं नाही. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगत आले, दाताचं काही असेल तर राजाजीनगरला माझ्या भावाकडे जा, तो आतपर्यंत बघतो.

गेल्या मंगळवारी मी तुझ्या दवाखान्यात आले होते. काउंटरवरच्या नीरजानं तुला सांगितलं नसेल, मीच सांगू नको म्हटलं. तू जेवायला गेला होतास. मी भांडायला आले होते, खरं सांगते. बस बदलून, उन्हातून, मनात वाक्यं जुळवत. बाहेर एक गृहस्थ बसले होते, गालावर हात. नीरजा त्यांना समजावत होती, सर रूट कॅनॉल करत नाहीत आता, मल्लेश्वरमच्या डॉक्टरांचा पत्ता देते. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते गेल्यावर मी तिला विचारलं, करत नाहीत म्हणजे? तिनं आधी टाळलं. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "अक्का, तुमचं झाल्यापासून एकही केलं नाही. साफसफाई करतात, कवळ्या करतात, दात काढतात. वाचण्यासारखा असला तरी काढा म्हणतात." तिनं मला आत नेलं. तुझ्या मायक्रोस्कोपवर कव्हर घातलं होतं, कव्हरावर धूळ. पिचकाऱ्यांचं कपाट कुलूपबंद.

मी जुळवून आणलेली सगळी वाक्यं तिथेच राहिली. मी इतके दिवस समजत होते की तू मला टाळतोस. माझ्या तोंडाला कुणी काही म्हणो, नरसिंह चार पावलं मागून चालोत, तुला काय त्याचं, असं वाटून मी जळत होते. आणि तू तिकडे रोज त्या कुलुपासमोर उभा. अरे गाढवा, मग सांगायचंस ना! मी तुझी बहीण आहे, ग्राहक पंचायत नाही. तू एकदा म्हणाला असतास, अक्का, माझ्याकडून जोरात दाबलं गेलं, तर मी चार शिव्या दिल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी तुला बिसिबेळे भात पाठवला असता. आई रडली असती, मग थांबली असती. कॉलेजात मी सांगितलं असतं, दाताचं औषध बाहेर गेलं, भाऊच डॉक्टर आहे, बरं होतंय, आणि ते सगळ्यांना पटलं असतं, कारण ते खरं होतं. खोटं बोलून तू काय वाचवलंस? मला नाही वाचवलंस. नरसिंहांना नाही. आणि स्वतःला तर त्या दुपारपासून खुर्चीशेजारीच उभं करून ठेवलं आहेस.

घरी आले तर आई खिडकीत बसून गाल चेपत होती. खालची दाढ, म्हणाली, गार पाणी सहन होत नाही. श्रीवत्सला फोन केला होता. (तिचा उचलतोस तर!) "तो म्हणाला, काढून टाकू आई, पुढच्या आठवड्यात शनिवारी ये. या वयात कशाला वाचवायची?" मी तिला तशीच वासंती मॅडमकडे नेली. त्यांनी एक्स-रे काढला, म्हणाल्या, चांगली भक्कम दाढ आहे, मुळं साफ केली तर सहज राहील. मी म्हटलं, मग तुम्हीच करा. तर आई म्हणते, "मी श्रीवत्सकडूनच करून घेणार. त्यानं काढ म्हटलं तर काढीन." ऐकलंस? काढण्यासाठीसुद्धा तिला तूच हवास. तिच्या तोंडात मोजून किती दाढा उरल्यात तुला माहीत आहे. त्यातली एक चांगली दाढ तू भीतीपायी ओढून काढणार, आणि ती माउली वर तुला आशीर्वाद देत घरी येणार.

ते मी होऊ देणार नाही. हे पत्र मी त्यासाठी लिहिते आहे. येत्या शनिवारी तू दिलेल्या वेळेला आईबरोबर मीही येणार, आणि तुझ्या खुर्चीत तिच्याआधी मी बसणार. माझा दात वासंती मॅडमनी परत तपासला आहे. मुळाच्या टोकाचं सगळं भरून आलंय, त्याच औषधानं हळू हळू धुतलं तर चालेल, म्हणाल्या. तुला हवं असेल तर त्या तुझ्या शेजारी उभ्या राहतील, त्यांनी शनिवार मोकळा ठेवलाय. सलाईन नको, दुसरं काही नको. त्याच पाण्यानं धू, सुई अडकली तर मागे घे, थांब, आणि परत धू. तुझा हात थरथरला तरी मी हलणार नाही. मला भीती वाटते का? वाटते. पण दुसऱ्या कुणाकडून हा दात मी पुरा करून घेणार नाही, तू चार वर्षं लावलीस तरी. फक्त सुरू करण्याआधी बाहेर जाऊन आईला सांगायचं, त्या दिवशी काय झालं ते, आणि नरसिंहांनाही, तेही तिथेच असतील. एक वाक्य पुरे. ते सांगून आत ये. मी तोंड उघडून बसलेली असेन.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, पण तुझीच,
पद्मक्का